पाटीवरचं साल आणि गावकीची वही: गिरणगावातल्या एका चाळीचा इतिहास शोधताना

हे प्रकरण खरं आहे. चाळीचं नाव, मालकाचं घराणं, कोकणातलं गाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. कागद वाचण्याच्या आणि नोंदी लावण्याच्या कामात मी या गटाबरोबर होते.

पार्श्वभूमी

लालबाग ते परळ या पट्ट्यातली ही तीन माळ्यांची चाळ. ऐंशीच्या आसपास खोल्या, तीन बाजूंनी गॅलरी, मध्ये पटांगण. उपकरप्राप्त इमारतींत (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत) ती ‘अ’ वर्गात मोडते, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची. मालक खासगी, रहिवासी पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने राहणारे. पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं चालू होती. २०२१च्या अखेरीस ती खरोखर पुढे सरकली आणि वर्ष-दीड वर्षात खोल्या रिकाम्या कराव्या लागणार हे स्पष्ट झालं.

त्याच सुमारास चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने २०२२ मध्ये ‘चाळीची शताब्दी’ साजरी करायचं ठरवलं. प्रवेशद्वाराच्या कमानीवर चाळीच्या नावाखाली ‘स्थापना १९२२’ असं रंगवलेलं होतं, त्यामुळे हिशेब सरळ वाटत होता. शताब्दीनिमित्त चाळीचा इतिहास लिहावा अशी कल्पना एका निवृत्त शिक्षिकेने मांडली. चाळीत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. त्यांच्यासोबत बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मंडळाचे दोन कार्यकर्ते आणि कॉलेजात शिकणारी तीन मुलं असा गट जमला.

वस्तीचा मोठा इतिहास सगळ्यांना थोडाफार ठाऊक होता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या दशकांत गिरण्या वाढत गेल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत गेली. १८९६च्या प्लेगने शहर हादरलं. १८९१ साली ८ लाख २१ हजार असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजारांवर आली. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, बीआयटी) स्थापन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. बीआयटी किंवा बीडीडी चाळ सरकारी यंत्रणेने बांधली, त्यामुळे तिचे ठराव, नकाशे, खर्च, अहवाल असा कागद मागे राहिला. गिरणगावातला मोठा कामगारवर्ग मात्र खासगी मालकांच्या चाळींत राहत होता आणि अशा चाळींबद्दल दप्तरात फारच थोडं सापडतं. म्हणून ज्यांच्याविषयी सगळ्यात जास्त लिहायला हवं, त्यांचाच इतिहास सगळ्यात कठीण होऊन बसतो.

अडचण

पहिली अडचण सालाची होती. नगर भूमापन कार्यालयातून काढलेल्या मालमत्ता पत्रकात जमिनीचा भूकर क्रमांक, धारणा प्रकार आणि मालकांची फेरफार नोंद मिळाली, पण इमारत कधी उभी राहिली ते त्यात नव्हतं. तो कागद जमिनीचा असतो. माहिती अधिकारात केलेल्या एका अर्जाला ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. ‘अ’ वर्ग म्हणजे १९४०च्या आधीची, एवढंच खात्रीने सांगता येत होतं. वयस्कर रहिवासी म्हणत, ‘प्लेगच्या वेळची चाळ आहे.’ कमान म्हणत होती १९२२.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. गटाने सुरुवातीलाच चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन केलं की घरातल्या जुन्या भाडेपावत्या, फोटो, रेशनकार्ड यांचे फोटो पाठवा. लग्नाचे फोटो आले, दहीहंडीचे आले. भाडेपावती एकही आली नाही. काही दिवसांनी एका आजींनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, “पावती तुमच्याकडे दिली आणि उद्या कोणी म्हणालं की नाव दुसऱ्याचं आहे, तर खोली जाईल का आमची?”

हा प्रश्न रास्त होता. अशा पुनर्विकासात नव्या घराला कोण पात्र हे ठरवणारी भोगवटादारांची यादी १३ जून १९९६ या तारखेशी जोडलेली असते आणि ती प्रमाणित करून घ्यावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर पागडी घेणं-देणं कायद्याला मंजूर नव्हतं. त्यामुळे त्याआधीचे कितीतरी व्यवहार तोंडी झालेले. खोली काकाने पुतण्याला दिली, गावकीने एकाच्या नावावर ठेवली, पावती मात्र चाळीस वर्षं मयत माणसाच्या नावानेच फाटत राहिली. इतिहासाचं साधन म्हणून अशी पावती सोन्यासारखी. पात्रतेच्या फाइलमध्ये तीच अडचणीची ठरू शकते.

तिसरी अडचण वेळेची होती. खोल्या आवरायला सुरुवात झाली होती आणि माळ्यावरच्या ट्रंका थेट रद्दीवाल्याकडे जात होत्या.

समोरचे पर्याय

मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की कमानीवरचं साल धरावं, छान स्मरणिका काढावी, जुन्या मंडळींचे सत्कार करावेत. पत्रिका छापून झाल्या होत्या, देणगीदार ठरले होते. हा मार्ग सोपा होता आणि कुणाचं मन दुखावणारा नव्हता. दुसरा विचार कॉलेजच्या मुलांचा: सगळं डिजिटल करावं, मुलाखतींचे व्हिडिओ सर्वांसाठी खुले ठेवावेत, चाळ पडली तरी आठवण राहील. बाईंना तिसरा मार्ग हवा होता. खोली हे एकक धरायचं आणि प्रत्येक खोलीत कोण, कधी, कुठून आलं याचा तक्ता करायचा.

माझं मत बाईंच्या बाजूने होतं. स्मरणिकेत मंडळाचे अध्यक्ष येतात, कबड्डीपटू येतात, नामवंत पाहुणे येतात. रात्रपाळीवरून येऊन दुसऱ्याच्या अंथरुणावर झोपणारा बदली कामगार (कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी लागणारा) येत नाही. खोलीवार तक्त्यात तो आल्याशिवाय राहत नाही, कारण खोली त्याचीही होती. पण याच मार्गाने पावत्यांचा प्रश्न सगळ्यात तीव्र होणार होता, कारण खोलीवार तक्ता आणि पात्रतेची यादी या दिसायला सख्ख्या बहिणी.

बरीच चर्चा होऊन तक्त्याचा मार्ग घेतला गेला, पण त्याला बंधनं घालून. पावत्या गोळा करायच्या नाहीत. ज्याला दाखवायची असेल त्याने आपल्याच घरात दाखवावी. गटाने फक्त साल, भाड्याची रक्कम आणि मालकाचा शिक्का टिपायचा. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. पुनर्विकास समितीत असलेला कोणीही या कामात नसेल, हेही ठरलं. त्यामुळे मंडळाचा एक कार्यकर्ता बाहेर पडला. तो उत्साही होता, त्याच्या ओळखी दांडग्या होत्या, तरी हा निर्णय योग्यच होता. तो गेल्यानंतर आठवड्याभरात दारं उघडायला लागली.

काय केलं

गावकीची वही

तळमाळ्यावरची एक खोली कधीच एका कुटुंबाची नव्हती. ती कोकणातल्या एका गावाच्या गावकीची खोली. गिरणीत लागलेले पुरुष तिथे राहायचे, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, पाळीनुसार झोपायची जागा आणि महिन्याची वर्गणी. कुणी आजारी पडला, कुणी वारला, गावच्या देवळाचं काम निघालं, शिमग्याला-गणपतीला गावी जायचं झालं, तर गावकी बघायची. गिरणगावात अशा खोल्या शेकड्यांनी होत्या.

खोली आवरताना पत्र्याच्या पेटीत वह्या निघाल्या. नंतरच्या वह्या बाळबोध (देवनागरी) अक्षरात होत्या, सर्वांत जुनी मोडी लिपीत. गटातल्या एका मुलीने मोडी लिपीचा वर्ग केलेला होता. पुराभिलेख संचालनालय असे वर्ग घेतं. पहिल्या पानावर भाद्रपद महिन्याची नोंद होती, शके १८३३. शकात ७८ मिळवले की भाद्रपदासाठी इसवी सन निघतो १९११. पण अक्षर पुसट होतं आणि तिसरा आकडा तीन की दोन, याबद्दल ती साशंक होती. दोन असता तर साल दहा वर्षं मागे, १९०१वर गेलं असतं.

तिढा सोडवला संवत्सराच्या नावाने. आपल्याकडे जुन्या नोंदींत शकासोबत संवत्सर लिहिण्याची पद्धत आहे आणि इथेही ते होतं: विरोधकृत्. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १८३३ला विरोधकृत् येतं, शके १८२३ला प्लव. म्हणजे आकडा तीनच. त्या नोंदीत खोलीचं भाडं, मालकाच्या घराण्याचं नाव आणि खोलीचा आजही तोच असलेला क्रमांक, तिन्ही होतं. जुन्या भूमापन नकाशावर या जागी दिसणारा काटकोनी आकार आजच्या इमारतीशी जुळला, त्यामुळे त्याच नावाची आधीची दुसरी चाळ असावी ही शंकाही बरीचशी मिटली.

मग १९२२ कुठून आलं? उत्तर मंडळाच्याच कपाटात होतं. १९७२च्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्पष्ट लिहिलेलं की सार्वजनिक गणेशोत्सव १९२२ साली सुरू झाला. या भागात ते काही जगावेगळं नाही. चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं, लालबागचा राजा १९३४चा. पुढे कमान नव्याने बांधली तेव्हा मंडळाचं साल चाळीच्या नावाखाली जाऊन बसलं.

शताब्दीचं काय करायचं

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. पत्रिकांवर ‘चाळीची शताब्दी’ छापलेलं, आणि आता वही सांगते की चाळ किमान १९११पासून उभी आहे. काहींना वाटलं गप्प बसावं. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला तर वहीचाच राग आला. “शंभर वर्षं झाली म्हणून सगळे एकत्र आले, आता तुम्ही म्हणता आधीच होऊन गेली?”

बाईंनी त्यांना स्मरणिका दाखवली. शताब्दी खोटी नव्हती, फक्त ती मंडळाची होती. उत्सव ठरल्याप्रमाणे व्हावा, पत्रिकेवर एक ओळ चिकटवावी आणि चाळीपुरतं ‘१९११ साली वस्ती असल्याची लेखी नोंद’ एवढंच म्हणावं, असा तोडगा निघाला. ‘स्थापना’ हा शब्द टाळला, कारण वही राहणाऱ्यांची होती, बांधणाऱ्याची नव्हती. इमारत १९११च्याही आधीची असू शकते. प्लेगची आठवण तक्त्यात ‘सांगितलं जातं’ या रकान्यात गेली. प्रत्येक नोंदीपुढे तिचा आधार लिहायचा, कागद, दोघांची स्वतंत्र आठवण की एकाची आठवण, हा नियम तेव्हापासून लागू झाला. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात टिकाऊ नियम हाच.

संपाची मुलाखत

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप या चाळीत अजून संपलेला नाही, असंच वाटतं. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता दुसऱ्याच संघटनेकडे होती, त्यामुळे वाटाघाटी कुणाशी करायच्या हाच पेच. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कोणी गावी गेलं, कोणी भाजी विकली, कोणी काही महिन्यांनी कामावर परत गेलं.

विणाई खात्यात चार साचे (माग) चालवलेल्या एका काकांनी मुलांना दोन तासांची मुलाखत दिली. असं बोलणं मी क्वचितच ऐकलं आहे. साच्यांचा आवाज, बदलीच्या हजेरीसाठी पहाटे गेटवर उभं राहणं, भोंगा बंद झाल्यावर पहिल्या महिन्यात झोप कशी येत नव्हती, सगळं त्यात होतं. पण मध्येच त्यांनी समोरच्या गॅलरीतल्या एका कुटुंबाचं नाव घेतलं. त्या घरातला माणूस संप चालू असताना पोलिसांच्या गाडीतून गिरणीत कामावर गेला, असं सांगितलं. तो आता हयात नाही. त्याचा मुलगा, सून आणि नातवंडं आजही तिथेच राहतात.

मुलांना मुलाखत प्रदर्शनात लावायची होती. पर्याय तीन होते: तशीच लावणं, नाव काढून लावणं, किंवा त्या कुटुंबाला आधी विचारणं. नाव काढलं तरी चाळीत कुणालाही ते कोण हे कळलं असतं. बाई त्या कुटुंबाकडे गेल्या. मुलगा शांतपणे म्हणाला की वडिलांबद्दल त्याला काहीही जाहीर नको आहे, आणि ते का परत गेले तेही तो सांगणार नाही. मग काकांना विचारलं की तेवढा भाग वगळला तर चालेल का. ते म्हणाले, “नाव काढायचं तर सगळंच काढा.”

गटाने सगळंच काढलं. एका मुलाचा याला कडाडून विरोध होता. त्याच्या मते संपाची खरी गोष्ट तीच होती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हयात नसलेल्या माणसाची बाजू मांडायला कोणी तयार नसताना, त्याच्या नातवंडांच्या दारासमोर ती ध्वनिफीत वाजवायची, हे मला आजही पटत नाही. ध्वनिमुद्रण काकांच्याच ताब्यात दिलं गेलं. त्यासोबत साच्यांचा आवाजही गेला, आणि हे नुकसान मोठं आहे.

बायकांच्या नोंदी

गावकीच्या वहीत बायका नाहीत. वर्गणी पुरुषांची, सभा पुरुषांच्या. मात्र दर महिन्याला एक खर्च येत राहतो: ‘खानावळ, दुसरा माळा’. त्या एका ओळीचा माग काढत गट एका नातीपर्यंत पोहोचला. तिच्या आजीने पंधरा-वीस पुरुषांना दोन वेळचं जेवण घालून घर चालवलं होतं. हिशेब तोंडी, उधारी पगाराच्या दिवशी फिटायची. संपात ती फिटली नाही, आणि आजीने तरी जेवण बंद केलं नाही. अशाच खानावळवाल्यांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं.

त्या नातीच्याच बोलण्यातून पणजीचा विषय निघाला. पणजी गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती, तिच्यावर नाईकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, असायची. १९२९चा प्रसूती लाभाचा कायदा, पुढे गिरण्यांतून बायकांची घटत गेलेली संख्या, हे पुस्तकात वाचलेलं इथे एका घरात तीन पिढ्यांत दिसत होतं: गिरणीत पणजी, खानावळीत आजी, घरी शिवणकाम करणारी आई. गटाने यानंतर प्रत्येक खोलीला एक ठरलेला प्रश्न विचारायला सुरुवात केली, या खोलीत पैसे मिळवणारी बाई कोण होती? उत्तर बहुतेक घरांत होतं. आधी कोणी विचारलं नव्हतं.

निष्पन्न

२०२२च्या गणेशोत्सवात मंडळाची शताब्दी झाली. पहिल्या माळ्याच्या गॅलरीत प्रत्येक दारापाशी त्या खोलीचा कागद लावला. ज्या घरांनी नको म्हटलं त्यांच्या दारापाशी फक्त खोलीचा क्रमांक होता. पाच घरांनी प्रदर्शन बघितल्यावर स्वतःहून माहिती आणून दिली.

वह्यांबाबत गावकीची सभा गावी झाली. मूळ वह्या गावच्या देवळातल्या पेटीत परत गेल्या. स्कॅन केलेली एक प्रत गावकीकडे राहिली, दुसरी जवळच्या एका वाचनालयाकडे. भाडं, देवळाची वर्गणी आणि प्रवासखर्चाची पानं खुली आहेत. कर्ज, दंड आणि भांडणांची पानं गावकीच्या परवानगीशिवाय दाखवली जात नाहीत. गावकीने स्वतः ही विभागणी केली आणि ती आमच्यापैकी कुणी केली असती त्यापेक्षा नेमकी होती, कारण कोणती नोंद अजून दुखते हे त्यांनाच माहीत होतं.

पात्रतेच्या यादीवर या कामामुळे एकही हरकत आली नाही. खोल्या रिकाम्या झाल्या. तक्ता पूर्ण झाला नाही, साधारण दोन-तृतीयांश खोल्यांचाच झाला.

वेगळं काय करता आलं असतं

संमती आधी आणि तुकड्यांनी घ्यायला हवी होती. मुलाखत सुरू होण्यापूर्वीच ‘दुसऱ्यांबद्दल बोललात तर तो भाग वेगळा ठेवू, काही वर्षं बंद ठेवता येईल’ हे काकांना सांगितलं असतं, तर सगळं किंवा काहीच नाही या टोकावर ते गेले नसते. बंद पाकिटाचा पर्याय त्यांच्यासमोर मांडला गेला तेव्हा ते आधीच दुखावले होते.

आवाहन व्हॉट्सअॅपवर करणं ही चुकीची सुरुवात ठरली. पावत्यांची भीती तिथूनच पसरली आणि ती निवळायला जो वेळ गेला, त्यात काही ट्रंका रद्दीत गेल्या. ज्या चाळीत पुनर्विकास तोंडावर आहे तिथे पहिला दिवस रद्दीवाल्याशी बोलण्यात घालवावा, असं मी आता सांगते: या चाळीतून हाताने लिहिलेली वही आली तर आम्हाला दाखवा, वजनाचे पैसे आम्ही देऊ.

मोडी वाचणारं माणूस गटात होतं हा केवळ योग होता. गावकीच्या खोल्या असलेल्या कुठल्याही चाळीत ते आधीच शोधून ठेवावं. आणि पैसे मिळवणाऱ्या बाईचा प्रश्न अगदी पहिल्या घरापासून विचारायला हवा होता. सुरुवातीच्या वीस-बावीस घरांत तो विचारलाच गेला नाही. त्यातली काही कुटुंबं आता विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगली आहेत. बाई आणि ती मोडी वाचणारी मुलगी त्यांना एकेक करून फोन लावताहेत.